येऊन राहिली

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि त्यानंतर सहीपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही — सख्ख्या बहिणीलाही नाही. तू कोण, कधी वाचशील, मला ठाऊक नाही. म्हणूनच सांगवतं आहे बहुतेक.

लोकांपुढे बोलायचं म्हटलं की मी अडखळते. लहानपणापासून असंच. पण जे झालं ते लाजेमुळे झालं, असं म्हणू का? म्हणता येईल. खरं होईल का?

गोंदियात मुलींच्या शाळेत माझं काम मुलींना घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी पोचवायचं. आई दारात उभी असायची. मी म्हणायचे, "घ्या, आली तुमची." एवढं एकच वाक्य मला न अडखळता बोलता यायचं.

शाळेच्या मोठ्या बाई पुण्याच्या. एका वर्षी त्यांनी वरच्या वर्गाच्या आठ मुलींना सिलोन दाखवायचं ठरवलं. गावात नुसती खळबळ — "पोरी लंकेत नेते म्हणते ही बाई!" बाई घरोघर गेल्या, सोबत मला घेऊन. आठांतली एक भागरता. तिचा बाप गोरेगावाकडचा, धानाची मोठी शेती, पोरीचं लग्न ठरलेलं. त्यानं बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही काकी संग असन त पाठवतो."

आगगाडीत बाईंना आमच्या बोलीची मोठी गंमत वाटायची. एका स्टेशनावर मी म्हटलं, "चहा येऊन राहिला, बाई." म्हणजे येतो आहे. त्या हसायला लागल्या. "अगं, आला की यायचाय? आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे आला, आणि वर मुक्कामही ठोकला!" मुली खिदळल्या. भागरता म्हणाली, "बाई, कप हातात भेटन तवाच समजन तुमाले." मीही पदर तोंडाला लावून हसले.

हे लक्षात ठेव. मी ठेवलं होतं.

मग समुद्र, बोट, पुन्हा गाडी, आणि डोंगरातलं कँडी गाव. गावात तळं आहे — चोरखमाऱ्याच्या तलावाहून लहान, पण काठ सगळा दगडी. तिथला एक दिवस मुलींना मोकळा ठेवला होता. नेमका त्याच दिवशी बाईंना ताप भरला. धर्मशाळेत घोंगडीखाली पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "तू ने सगळ्यांना. अंधाराच्या आत परत आण."

तळ्याकाठी भागरताच्या चपलेचा पट्टा तुटला. टाच सोलली होती. पायरीवर एक फुलवाली बसली होती, तिच्या बाजूला ती टेकली आणि रुमालाची गाठ सोडून दोन रुपये मला दिले. "काकी, मले चपला आणून दे ना. मी बसतो इथंच."

मी म्हटलं, "इथून हलू नको. मी येतो तुले न्याले."

बाकीच्या सात जणींना घेऊन मी बाजारात गेले. चपलांची दुकानं होती. मी एकापुढून गेले, दुसऱ्यापुढून गेले. दुकानदार त्यांच्या भाषेत काही विचारायचा आणि मी मान खाली घालून पुढे. पैसे मुठीत घामेजले. मग पाऊस कोसळला. मुली धावत सुटल्या — धर्मशाळा समोरच दिसत होती — आणि मीही त्यांच्या मागे धावले. आत पोचल्यावर एकीनं विचारलं, "काकी, भागी?"

"मी आणतो तिले," म्हणून मी फाटकापाशी आले.

पुढचं जे मी सगळ्यांना सांगितलं ते असं — मी तिला आणायला निघाले, वाट चुकले, परत फिरले. ते खोटं आहे. मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. वाट सरळ होती, उतार आणि मग तळं. अंधारून आलं होतं. समोरच्या वळचणीखाली चार-दोन माणसं उभी होती. त्यांच्यातला एक काही बोलला आणि बाकीचे हसले. माझ्याबद्दलच असेल, असं कुठं होतं?

मी आत गेले. बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "आल्या सगळ्या?"

"हो बाई."

"भागरता?"

मी म्हटलं, "येऊन राहिली, बाई."

हे तोंडातून चुकून निघालं नाही. 'नाही आली' म्हटलं असतं तर तापातसुद्धा त्या उठल्या असत्या, रखवालदाराला कंदील घेऊन धाडलं असतं. आणि विचारलं असतं, तू तिला सोडून आलीसच कशी? 'आली' म्हणायची हिंमत नव्हती. मग मी ते दोन शब्द असे मध्ये ठेवले, की त्यांना 'आली' कळावं आणि मला पुढंमागं 'येते आहे' म्हणता यावं. मला ठाऊक होतं त्या काय समजतील. चहाच्या वेळी त्यांनीच तर शिकवलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. मुलींना वाटलं, बाईंना सगळं माहीत आहे, कुणीतरी गेलं असेल तिला आणायला. त्या झोपल्या. पाऊस थांबत नव्हता. मी नुसती ऐकत पडून राहिले.

सकाळी बाईंनी रिकामं अंथरूण पाहिलं. मी त्यांना घेऊन निघाले — कुणाला न विचारता, सरळ. भागरता त्याच पायरीवर होती, डोक्यावर फुलवालीचं पोतं. ती म्हातारी रात्रभर तिच्यापाशी बसून होती. मला पाहून पोर उठली. ओठ निळे पडले होते.

"काकी, वाट चुकली का तू?"

मी म्हटलं, "हो."

ती बाईंकडे वळली. "काकीले काही म्हनू नका. मीच मागं राहिली."

गोंदियाला आमच्याआधी बातमी पोचली की काय, कोण जाणे. बायका विहिरीवर म्हणायच्या, "रातभर लंकेत राहून आली वो पोरगी! तिथं काय झालं, कोणाले मालूम?" ठरलेल्या सोयरिकीकडून नकार आला. शाळेच्या पंचांनी बाईंना बोलावलं, मलाही. बाई म्हणाल्या, "हिनं मला ती आली, असं सांगितलं."

एका पंचानं मला विचारलं, "काऊन वो, काय म्हणली होती तू?"

"येऊन राहिली म्हणलो."

सगळे हसले. "मंग बराबर त सांगतलं तिनं! बाई, नोकरी करता इथं आन् बोली पुण्याची?"

बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटतं, तळ्याकडे मी कशी न चुकता चालत गेले ते त्यांना आठवत असावं. मी जमिनीकडे पाहत राहिले. त्यांची नोकरी गेली, माझी राहिली. स्टेशनावर त्यांची वळकटी मीच डब्यात चढवली.

भागरताची शाळा सुटली. इटियाडोहाकडच्या एका बिजवराला तिला दिली, तिच्या बापाच्या वयाचा. चपलांचे दोन रुपये माझ्याकडेच होते. एक त्याच वर्षी अडचणीत मोडला, दुसरा पुढच्या वर्षी. परत द्यायचे म्हणजे तिच्यासमोर उभं राहायचं, म्हणून कितीतरी वर्षं दिलेच नाहीत.

या हिवाळ्यात गोरेगावच्या बाजारात ती दिसली. केस पिकायला लागलेले, डोक्यावर भाजीची टोपली. मी पदराची गाठ सोडली. "तुह्या चपलांचे," म्हटलं.

ती ओळखून हसली. "अजून ध्यानात आहे तुह्या? मी त विसरलो." मग रुपये हातात घेऊन थोडी थांबली. "वाट चुकली नसती, काकी, त तू आलीच असती. मले मालूम आहे. मी रातभर तेच म्हनत होतो त्या म्हातारीले."

मी म्हटलं, "हो."

तिनं दोन्ही रुपये नीट पाहिले, कमरेला खोचले आणि टोपली सावरून निघाली. पैसे पूर्ण फिटले.