ऊनतात्यांची तारीख

इमारत बांधण्याआधी ती जागा किती तापेल, हे आमच्या ऑफिसात संगणकावर काढतात. जागा सांगायची, तारीख घालायची, की सूर्य कुठून कसा जाईल ते सॉफ्टवेअर ठरवतं आणि नकाशा लाल-पिवळा होतो. हे काम करायचे ऊनतात्या. तात्या चहासुद्धा सावली मोजून पितात, असं मी चिडवायचे. ते हसायचे बिचारे. घरी बायको अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन तिला भरवायचे. हिवाळ्यात त्या वेळी खिडकीतून ऊन थेट तिच्या पलंगावर यायचं. मग ती खुलायची, नवऱ्याला टोमणेही मारायची.

त्यांच्या घरासमोरच्या रिकाम्या जागेवर इमारत ठरली आणि तिचं काम आमच्याकडेच आलं. तात्यांनी नेहमीप्रमाणे वर्षातल्या सगळ्यात तापत्या दिवसाची तारीख घातली. आमची रीतच ती. गिऱ्हाइकाला भीती उकाड्याची. थंडीतल्या उन्हाची चौकशी कोण करतो? नकाशात मधलं अंगण लालभडक दिसलं. तात्यांनी सुचवलं, दोन मजले वाढवा, सावली पडेल. साहेब खूश. गिऱ्हाईक तर साहेबांहून खूश.

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, सावली कुंपणाच्या आतच राहते. हिवाळ्यात तो खाली उतरतो. इमारत उभी राहिली, थंडी पडली, आणि त्या वाढीव मजल्यांची सावली रस्ता ओलांडून पलंगावर येऊन बसली.

"अहो, माझं ऊन कुठे गेलं?" बायकोने विचारलं.

तात्यांनी खरं ते सांगितलं.

"म्हणजे जगाला सावली, आणि दिव्याखाली अंधार!" असं म्हणून ती चक्क हसली. ते हसणं मला सांगताना तात्या रडले. मला त्यांचा राग आला, आणि आमच्या त्या रीतीचा त्याहून जास्त. एक तारीख बदलून बघायला काय जात होतं?

मग काम संपल्यावर तात्या तो नकाशा उघडून बसायचे. तारीख एकेक दिवस पुढे सरकवायची आणि नकाशातल्या आपल्या घराच्या खिडकीकडे बघायचं. शेवटी एक तारीख अशी आली, की सूर्य त्या इमारतीच्या गच्चीच्या वर चढला आणि उजेड पलंगाला टेकला. तात्यांनी तिला ती तारीख सांगितली.

"बरं, थांबते तोवर," ती म्हणाली.

पाहुण्याची वाट बघावी तशी ती रोज विचारायची, आलं का जवळ? पण थंडी सरली नाही, तीच सरली.

तात्या कामावर परतले. घरी जेवायला जायचं कारणच उरलं नव्हतं. माझ्या शेजारी बसून डबा खायचे, निम्मा तसाच ठेवायचे. एके दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. उठले आणि साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला गेले.

साहेब मनाचे वाईट नाहीत, पण जीभ सैल. "अहो तात्या, आता घरी कोण आहे?"

"कोणी नाही," तात्या म्हणाले. "आज तिचं ऊन यायचंय, साहेब. घरी कोणीतरी असायला हवं ना."