किल्लीमास्तरांचा हात

किल्लीमास्तरांना कोणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नसत. उजवा हात पुढे करत, तळवा वर, आणि विचारत, "किल्ली?" समोरच्याने स्कूटरची किल्ली काढून गळ्यात अडकवलेली दाखवली, की मगच म्हणत, "हां. रामराम." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलेलं आहे. आजही ते पूर्ण ठिकाणावर होतं असं मी म्हणणार नाही.

हे सगळं सिंगापूरमधलं, वुडलँड्समधलं. आमच्या ब्लॉकखाली खांबांमध्ये मोकळी जागा आहे, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे दर शनिवारी सकाळी म्हाताऱ्यांचा क्लास भरतो. गुडघे गेलेल्यांसाठी बॅटरीवरच्या स्कूटरी मिळतात, चार चाकांच्या, खुर्ची लावलेल्या. अंगठ्याखाली एक पट्टी असते. दाबली की स्कूटर चालते, सोडली की थांबते. ही स्कूटर लोकांच्या अंगावर न घालता कशी चालवायची, ते शिकवायचा हा क्लास. खरं तर तो एका चिनी अंकलचा, आणि मास्तर नुसते मदतनीस. पण अंकल हजेरी घेऊन कॉफी प्यायला बसायचे, आणि पुढचे दोन तास मास्तरांचं राज्य.

मास्तर साताऱ्याकडचे. फौजेत होते, आणि तिथे बरीच वर्षं नव्या रंगरुटांना बंदूक चालवायला शिकवत. बायको गेल्यावर मुलीकडे आले. मुलगी जुरोंग आयलंडवर, कारखान्यांच्या बेटावर, इंजिनिअर. सकाळी कंपनीची बस पकडायची ती दिवस मावळताना परत. हे दिवसभर खिडकीत उभे राहून खालच्या स्कूटरी बघायचे. एक दिवस त्यांना बघवेना, म्हणून खाली उतरले आणि एका चिनी आजीच्या स्कूटरची किल्लीच काढून घेतली. आजी ओरडली, लोक जमले. त्यातून त्यांची आणि अंकलची ओळख झाली.

त्यांना इंग्रजीचे चारच शब्द येत. स्टॉप, लुक, की, गो. चार शब्दांत त्यांनी तमिळ, मलय, चिनी सगळ्या म्हाताऱ्यांना वळण लावलं. मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे बाकीचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला यायचं. मला "आक्का" म्हणायचे. इतक्या प्रेमाने कोणी आक्का म्हणत असेल आणि तितक्याच गोडीने नापास करत असेल, तर त्याच्यावर रागवायचं कसं, हा माझा पहिला प्रश्न. लवकरच मी रागवायला शिकले.

जमिनीवर खडूने रेघा मारायला परवानगी नव्हती. म्हणून मास्तर सगळ्यांना चपला काढायला लावत आणि त्या चपलांची वाकडीतिकडी वाट मांडत. त्या वाटेतून स्कूटर न्यायची. कोणाच्या चपलेवर चाक गेलं, तर स्कूटर थांबवायची, किल्ली गळ्यात घालायची आणि ज्याची चप्पल त्याची माफी मागायची. एक मलय काका दर आठवड्याला मुद्दाम माझ्या चपलेवर चाक घालायचे आणि हात जोडायला यायचे. मास्तरांना ते कळत होतं. त्यांनी काकांना एकदाही हटकलं नाही. "किल्ली काढतोय न्हवं, मग येऊ द्या," म्हणायचे.

आता माझं सांगते. मला ही स्कूटर हवी होती ती एका कारणासाठी. तीन ब्लॉक सोडून कुसुम राहायची. नऊ वर्षं रोज दुपारी चारला मी चालत तिच्याकडे जायची, चहा घ्यायची आणि दोघी मिळून आपापल्या घरच्यांना नावं ठेवायचो. मग माझे गुडघे गेले आणि तिची कंबर. माझा मुलगा विनय रविवारी मला टॅक्सीने न्यायचा आणि समोर बसून राहायचा. मुलगा समोर बसला की दोन म्हाताऱ्या काय बोलणार? हवापाणी. त्यात कुसुमच्या मुलाची पुण्याला बदली झाली. सगळं घर दीड महिन्यात जाणार होतं. तेवढ्या दिवसांत मला तिच्याकडे एकटीने जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

डॉक्टरांचा कागद मिळाला, स्कूटर आली. पण विनयने किल्ली आपल्या कपाटात ठेवली, शनिवारी क्लासपुरती काढून द्यायचा. म्हणाला, "आई, मास्तर पास म्हणाले की त्या दिवशी किल्ली तुझी."

पहिल्या परीक्षेत मी सगळ्या चपला वाचवल्या. लिफ्टमधून उलटी बाहेर आले, कुठे घासले नाही. शेवटी समोरून आमच्या मजल्यावरची एक बाई आली. मी म्हटलं, "काय गं, बरी आहेस ना?" मास्तर मागून आले. हात पुढे. "किल्ली?" किल्ली स्कूटरलाच होती. नापास.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं होतं की कोणी दिसलं तरी तोंड उघडायचं नाही. वाट पुरी केली. मास्तर हसत जवळ आले आणि म्हणाले, "झ्याक चालवली आक्का. च्या घेणार?" मी म्हटलं, "घेईन की." हात पुढे. नापास. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आता बोलताय तवा बी किल्ली तिथंच हाय."

तिसऱ्या वेळी मी बोलले नाही, चहा घेतला नाही, कोणाकडे बघितलंही नाही. त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवी मी हँडलला अडकवली होती.

"पिशवी टोपलीत ठेवायची. हँडलला न्हाई."

"टोपलीतून काढायला मला वाकावं लागतं. कंबर मोडते."

"मोडू द्या. नापास."

"अहो पण का? पिशवीने काय होतं?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

घरी आले तर माझी नात दारातच उभी. इथे जन्मलेली, मराठी समजते पण तोंडातून येत नाही. म्हणाली, "आजी, यू फेल अगेन आह?" मी चौथीपर्यंत शिकले, त्या चार वर्षांत एकदाही नापास झाले नव्हते. मला रडू आलं नाही, संताप आला. कुसुमला जायला आठ दिवस उरले होते.

मंगळवारी घरात कोणी नव्हतं. विनयचं कपाट मला ठाऊक. किल्ली काढली, बरणीत लसणाची चटणी भरली, बरणी पिशवीत घातली, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाले. छपराच्या वाटेने तीन ब्लॉक. सिग्नल नाही, काही नाही. कोणाला धक्का लागला नाही. लिफ्टने वर गेले. कुसुमच्या दारापुढच्या कॉरिडॉरमध्ये पोचले तेव्हा मला वाटलं, मास्तरांच्या नाकावर टिच्चून आले.

कुसुम चालायचा स्टँड धरून दारात आली. तिची सून बाहेर आली. भली पोर. "काकू, एकट्या आलात? कमाल आहे!" म्हणाली आणि तिथल्या तिथे वाकली, माझ्या पाया पडायला. मी खुर्चीत होते, पाय स्कूटरच्या फळीवर, म्हणून ती चाकांपुढे खाली वाकली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला मी पुढे झुकले. माझ्या कोपराने पिशवी दाबली गेली. आत बरणी होती, ती पट्टीवर बसली.

स्कूटरने तिला भिंतीपर्यंत नेलं. मला हात काढायचं सुचलं नाही, कारण पट्टीवर माझा हात नव्हताच. कुसुम ओरडत होती, "थांबव, अगं थांबव!" किल्ली फिरवायची असते हे मला आठवायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ ती पोर भिंत आणि टोपली यांच्यात अडकून होती. कपाळ फुटलं. सहा टाके पडले. लसणाच्या चटणीचा वास त्या कॉरिडॉरमध्ये चार दिवस होता म्हणे. मला तो घ्यायला मिळाला नाही, कारण कुसुमचा मुलगा विनयला फोनवर एवढंच म्हणाला की आता गडबड आहे, येऊ नका. मंगळवारी दारात कुसुमशी जी गाठ पडली ती शेवटची. कपाळाला पट्टी बांधून ती सून विमानात बसली.

मास्तर दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, घरी आले. मी दार उघडायच्या आधीच तयार होते, की आता हे ऐकवणार. ते खुर्चीवर बसले नाहीत. कधीच बसत नसत. उभ्यानेच म्हणाले, "आमच्याकडं एक पोरगं हुतं. चांदमारीत, म्हंजे नेमबाजीच्या मैदानात, पयला नंबर. गोळ्या संपल्या असं त्याला वाटलं. मागनं त्याच्या गाववाल्यानं हाक मारली. पोरगं वळलं. हातात बंदूक तशीच. वळून हसलं बी."

"मग?"

"गाववाल्याचा पाय गेला. गुडघ्याखाली." मग म्हणाले, "परक्यापुढं माणूस जपून असतो, आक्का. आपलं माणूस दिसलं की हात सैल पडतो. म्हणून आधी किल्ली."

मला दया यायला हवी होती. मला राग आला. "हे मला पहिल्या शनिवारी सांगायला काय झालं होतं?"

"आमच्यात कारण सांगत न्हाईत. हुकूम सांगत्यात."

"मी तुमचा रंगरूट नाही मास्तर. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आहे. मला कारण कळलं असतं तर त्या पोरीचं कपाळ फुटलं नसतं."

"खरं हाय," म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन वळले. "पन कारण सांगून तरी ऐकलं असतं का तुम्ही?"

मी दार लावून घेतलं. तो प्रश्न आजही मला फार त्रास देतो.

मी पुन्हा शनिवारी जायला लागले. विनयला वाटलं, मी स्कूटरला हात लावणार नाही. पण घरात बसून मी करणार काय होते? मास्तरांमध्ये एकच फरक पडला. किल्ली मागितल्यावर आता ते कारणही सांगू लागले. चार इंग्रजी शब्दांत बंदुकीची गोष्ट सांगता येत नाही. ते स्वतःच्या गुडघ्याखाली हात आडवा मारून दाखवायचे, आणि चिनी आज्या समजूतदारपणे मान हलवायच्या. त्यांना वाटायचं, मास्तरांचे गुडघे दुखतात. एकीने त्यांना चोळायचं तेल आणून दिलं.

काही महिन्यांनी मास्तरांच्या मुलीची नोकरी गेली. तिचा इथे राहायचा परवाना गेला, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला त्यांचाही गेला. इथे तसंच असतं. गुरुवारचं विमान ठरलं. त्याआधीच्या शनिवारी मी बेसनाचे लाडू केले आणि खाली गेले. मनात होतं, आज हा माणूस मला पास म्हटल्याशिवाय जाणार नाही.

चपलांची वाट मांडलेली होती. मी एकही चप्पल चिरडली नाही. वाटेच्या टोकाला मास्तर उभे होते. मी जवळ गेले तसे ते एकाएकी वाकले. सरळ माझ्या पायांशी, चाकांपुढे, डोकं खाली घालून. सगळ्या म्हाताऱ्या बघत राहिल्या.

मी पट्टी सोडली. किल्ली फिरवली, काढली, गळ्यात घातली. मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस पार विरळ झालेले होते. "सुखी राहा," म्हटलं.

मास्तर उठले. गुडघे झटकले. माझ्या गळ्यातली किल्ली बघितली आणि मान हलवली. मग त्यांची नजर हँडलवर गेली. लाडवांची पिशवी तिथे लटकत होती.

"अहो, ती तुमच्यासाठीच आणली आहे!" मी ओरडले.

त्यांनी पिशवी काढून हातात घेतली. "पुढच्या शनिवारी या," म्हणाले.

"पुढच्या शनिवारी तुम्ही असणार आहात का इथे?"

"तुम्ही असनार न्हवं?" म्हणाले, आणि लाडू घेऊन गेले. मला पास म्हणाले नाहीत ते नाहीतच.

कुसुम आता पुण्याहून फोन करते. सून फोन लावून देते आणि उठून जाते. विनयने शेवटी किल्ली माझ्याकडे दिली. "आई, आता नापास करायला कोण उरलंय?" म्हणाला. एकटीने जायला किल्ली आहे, पण जाण्यासारखं तीन ब्लॉकपलीकडे कोणी नाही.

मग मी शनिवारी खालीच गेले. चिनी अंकल कॉफी घेऊन बसले होते. नव्या आलेल्या एक चिनी बाई स्कूटरवर बसून मैत्रिणीशी हात हलवत गप्पा मारत होत्या. हँडलला भाजीची भली मोठी पिशवी. माझी किल्ली मी गळ्यात घातली, उतरून त्यांच्यापुढे गेले आणि हात पुढे केला, तळवा वर.

"की," मी म्हटलं.

बाईंनी मला त्यांच्या भाषेत काहीतरी सुनावलं. चांगलं नसावं. मैत्रीण हसली. मी हात मागे घेतला नाही.