खिडकीतली गोधडी

यवतमध्ये हायवेच्या मागच्या अंगाला जी चार-सहा ख्रिस्ती घरं आहेत, त्यातलं एक दबोराआजीचं. गावातल्या निम्म्या माणसांची नाकं तिनं तेलाच्या चिमटीत ओढून सरळ केली आहेत. माझ्या नाकापुरता तिचा हात फसला, असं ती चारचौघांत सांगते, आणि आरशात पाहिलं की मलाही ते नाकारता येत नाही.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. पसरलेल्या पायांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल, कढत पाणी, आणि शेवटी धुरी. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळ शेकायचं. वारं लागू नये म्हणून खिडकीत गोधडी कोंबायची. हिंदू घर असो की ख्रिस्ती, धुरीनं कधी धर्म विचारला नाही. रविवारी चर्चमध्ये आजी पहिल्या बाकावर बसून अशी खोकायची, की पाळकसाहेबांचा उपदेश आपोआप आटोपता व्हायचा. "बिडी ओढता का?" असं एका डॉक्टरनं विचारलं, तर ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.

मागच्या थंडीत तिची नात एस्थर बाळंतपणाला आली. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली, मुठीएवढी. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं होतं, छाती नाजूक आहे, खोलीत धूर अजिबात नको. एस्थरचा नवरा जोनाथन रांजणगावला कंपनीत वेल्डर. त्यानं शेगडी उचलून अंगणात ठेवली.

"आजी, आमच्या शेडला एवढाले पंखे लावलेत धूर ओढायला. हितं तर खिडकी बी बंद."

"तिथं लोखंड हाय जावईबापू, हितं लेकरू हाय. आन् तुमच्या बायकोला कशावर वाढवलं? धुरीवरच ना?"

जावयानं शेगडी अंगणातच राहू दिली. आजीचंही खोटं नव्हतं. मीही त्याच धुरातून बाहेर आलेला.

जोनाथन ड्युटीवर गेला आणि पोरीचं नाक वाजायला लागलं. सर्दीला धुरी, हे आजीला प्रभूच्या प्रार्थनेइतकं पाठ. एस्थरचा डोळा लागला तशी तिनं शेगडी आत घेतली आणि खिडकी बुजवली. डोकं गरगरतंय म्हणून एस्थर उठली, तर पोरीचे ओठ जांभळे.

शेजारचा म्हणून गाडी मीच चालवली. दौंडपर्यंत आजी फक्त पोरीच्या छातीकडे बघत होती, वर येतीय का न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. "खोलीत धूर होता?"

"थोडा... म्हंजी शेजारून आला असंल," एस्थर म्हणाली. तिला आजीचं नाव राखायचं होतं.

"थोडा न्हाई," आजी दारातून म्हणाली. "शेगडी मी आत नेली. खिडकी मी बुजवली. काय करायचं ते त्या हिशोबानं करा बाई."

पोरगी वाचली. मग बाईंनी आजीच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. "आजी, बाळ थोडे दिवस धुरात असतं, मग खोलीबाहेर पडतं. तुम्ही जन्मभर एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत गेलात. छाती पार खराब झालीय तुमची."

आजीनं पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आणिक किती लेकरांना माझा धूर बाधला असंल रं?"

पुढं कासुर्डीच्या सोपानरावांनी जीप पाठवली. त्यांची सून शितल बाळंत झाली होती. आजीला धाप लागते म्हणून मी सोबत गेलो. सोपानरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, निखारे तयारच ठेवले होते.

"ते भायेर न्या. न्हाऊ घालते, धुरी न्हाई देणार."

"आता गं बया! साऱ्या मुलखाला दिली, आन् आमच्याच नातवाला कंजुषी?"

"माझ्या नातीच्या लेकराचा दम मीच कोंडला, वच्छलाबाई. ह्याच हातानं."

"तुमच्या हातनं झालं असंल. आमच्या घरात न्हाई कुणाला काय झालं."

आजीनं न्हाऊ घातलं आणि उठताना खिडकीतली गोधडी ओढून काढली. आम्ही जीपमध्ये बसायच्या आत वच्छलाबाईंनी ती परत कोंबली.

दुसऱ्या दिवशी जीप आली नाही. तिथं दुसरी बाई लावल्याचं बाजारात कळलं. त्यानंतर यवतमधूनही बोलावणी कमी झाली. धुरीबिगर आंघोळ म्हणजे मिठाबिगर कालवण, असं लोक म्हणू लागले. आजी उंबऱ्यावर बसून राहायची. एक दिवस मला म्हणाली, "त्या शितलला फोन लाव. एवढंच इचार, खिडकी उघडी हाय का."

मी लावला. शितल दबक्या आवाजात बोलली, "आत्याबाई शेवंती तोडायला मळ्यात गेल्या की उघडते. शेगडी बी भायेर ठिवते. कुणाला सांगू नका."

मी आजीला सांगितलं. तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि खोकला आवरत मोठ्यानं प्रार्थना केली,

"प्रभू, त्या वच्छलाबाईच्या शेवंतीला लय फुलं येऊ देत. तोडून सरू नयेत इतकी."