दाराबाहेर मरियम होती

लातूरहून निघाले त्या दिवशी माझे वडील, अण्णा, स्टँडवर आले नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर ते, रजा मागणं त्यांना जमायचंच नाही. सकाळी सायकल बाहेर काढता काढता एवढंच म्हणाले, "तिथंही शिकवशील, तर लेकरांकडं पाठ करून बसू नको." आई स्टँडवर रडत होती. माझ्या दोन वर्षांच्या लेकीनं, इरानं, तिचा पदर मुठीत धरलेला. एकेक बोट उघडून मी तो सोडवला.

त्याला सात वर्षं झाली. नवरा अकाउंटंट, आमचा फ्लॅट कुवेतमध्ये, फिंतासला. मी जवळच्याच एका भारतीय शाळेत दुसरीची क्लास टीचर, इरा तिथंच चौथीत. तुम्ही सगळे तिकडून फोनवर विचारायचात, तेव्हा मी सांगायचे, इथं पोरीची काही काळजी नाही. ते खरंही होतं.

त्या दिवशी दुसऱ्या तासाला वजाबाकी चालली होती. खाली दोन आवाज झाले. मला वाटलं, बाकं पडली. मग स्पीकरवर प्रिन्सिपल मॅडम बोलल्या, "लॉकडाऊन. धिस इज नॉट अ ड्रिल." आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

दाराला किल्ली लावली, दिवे बंद केले, मुलांना खिडकीखालच्या भिंतीशी बसवलं. मोजली. एक कमी. मरियम दोनच मिनिटांपूर्वी टॉयलेटला गेली होती.

आणि इरा वरच्या मजल्यावर. खरं सांगते, माझा हात पुन्हा किल्लीकडे गेला होता तो मरियमसाठी नाही, इरासाठी. मग मागं पाहिलं. चोवीस जण माझ्याकडे बघत होते. मी दाराला टेकून, त्यांच्याकडे तोंड करून खाली बसले. ओठांवर बोट ठेवलं. एसीचाच काय तो आवाज.

तेवढ्यात दारावर टकटक. "मिस, इट्स मी. मरियम."

ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं, पोलीस येईपर्यंत दार कुणालाही उघडायचं नाही. तिच्यामागं कुणी उभा असला तर? मग तिसरा आवाज झाला, आधीच्यापेक्षा जवळ. बाहेर मरियम बारीक आवाजात रडायला लागली.

मुलांना खुणेनं कपाटामागे सरकवलं. दार वीतभर उघडलं, तिचा दंड धरून आत ओढलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. तिच्या तोंडावर हात दाबून धरला. तिचे दात माझ्या तळव्याला लागत होते. पोलीस येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

नंतर कळलं, घरगुती भांडणातून एक माणूस शिकारीची बंदूक घेऊन आपलं मूल न्यायला आला होता. आमचे वॉचमन, रत्नागिरीचे हमीदभाई, यांनी आतलं फाटक ओढून घेतलं, म्हणून तो वर्गांपर्यंत पोचला नाही. त्यांच्या खांद्याला गोळी चाटून गेली. आता बरे आहेत.

इराला तिच्या टीचर शीबा मिस घेऊन आल्या. दाराशी कपाट सरकवताना त्यांचं कोपर सोलवटलं होतं. इरा मला बिलगली नाही. "आई, यू डिडन्ट कम," म्हणाली. शीबा मिसच म्हणाल्या, "मैंने बोला इसको, तेरी मम्मी के पास भी बच्चे हैं." त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुली केरळात आजीकडे असतात.

नियम मोडून दार उघडलं, हे मी शाळेला लिहून दिलं. बरोबर केलं का, ते अजून ठरत नाही. मागं कुणी असता, तर आज हे लिहायला मी नसते, आणि ती चोवीसही.

आई फोनवर म्हणाली, "बस झालं आता. घरी ये." नवराही तिकिटं बघायला लागला होता. आठवड्यानं शाळा उघडली. मरियमची आई फाटकाशी उभी होती. तिनं लेकीचा हात माझ्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. तिकिटांचा विषय मग मागं पडला. इरा आता मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात डोकावते, हात हलवते, जाते.

घर कुठलं, असं आई अजून विचारते. मला नीट सांगता येत नाही. पण सकाळी हजेरी घेताना शेवटच्या नावापर्यंत माझा जीव टांगलेला असतो. "प्रेझेंट, मिस" ऐकू आलं, की मी खुर्चीत टेकते. लांबून घरी पोचलेलं माणूस टेकतं, तशी.