दादाची घोगरी चिप

दादा व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करायचा आणि मी त्याच्या हाताखाली. पुढे पार्लरं बंद पडली, मशीनं भंगारात गेली, तरी दादानं एक आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं. त्यातल्या आवाजाच्या चिपला एका वेळी तीनच सूर काढता येतात. मशीनच्या बटणांवर दादा त्यातला एक सूर असा झपाट्यानं खालीवर पळवायचा, की पाच जण वाजवताहेत असं वाटावं. बावीस वर्षं एकच चाल रचत होता. लग्नाचं नाव काढलं की म्हणे, आधी चाल पुरी होऊ दे. लोक हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

शेवटी एका संग्रहालयाच्या बाईंचं ती चाल रेकॉर्ड करायला यायचं ठरलं. दादानं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मी आदल्या दिवशी मशीन चालू करून बघितलं, तर दहा मिनिटांत चिप तापून खालचा सूर घोगरा झाला. म्हटलं, परक्या माणसासमोर दादाची फजिती नको. ड्रॉवरमध्ये त्याच नंबरची कोरी चिप होती, ती बसवली. जुनीचे धातूचे बारीक पाय पकडीनं मुळापासून मोडले. आमच्या दुकानाचा नियमच तो, गेलेली चिप चुकून परत बसवली जाऊ नये म्हणून. स्वतःवर काय खूश होतो मी!

दादानं वाजवायला घेतलं. सूर कसे स्वच्छ, धुतल्यासारखे. बाई मान डोलवत होत्या. खालचा सूर आला आणि दादाचा हात थांबला.

"चिप कुणी बदलली?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"ती तापली की जिथे फाटायची, तिथेच माझी चाल होती रे," दादा म्हणाला. "दुसरी कुठलीच तशी फाटत नाही."

बाई म्हणाल्या, असंही छानच वाटतंय. दादानं त्यांची माफी मागितली, चहा पाजला आणि दारापर्यंत सोडून आला. मग मला विचारलं, "पाय मोडलेस?"

"हो."

"बरोबर केलंस. मीच शिकवलंय."

आणि जाऊन गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडून बसला. मेल्यानं चार शिव्या घातल्या असत्या, तर रात्री माझ्या घशाखाली घास तरी उतरला असता.