वायरचं की बिनवायरचं

मला मुलाला नाही म्हणायचं होतं, आणि ते गुरुवारच्या आत म्हणायचं होतं. गुरुवारी ग्रीन कार्डाच्या कागदांसाठी माझी डॉक्टरी तपासणी ठरली होती. ती झाली की सह्या, सह्या झाल्या की कागद सरकारकडे, आणि मग ते पुढे सरकेपर्यंत देश सोडायचा नाही, असं मुलगा सांगत होता.

तीन महिने तो विचारत होता, "बाबा, मग राहताय ना?" मी म्हणायचो, "बघू." घरातलं वडीलधारं माणूस बघू म्हणालं की आमच्याकडे अर्धा होकार धरतात. त्यानं पुरता धरला. खालच्या खोलीत माझ्यासाठी उंच पलंग आला. न्हाणीत धरायला स्टीलचा दांडा बसला. एकेक वस्तू येत गेली तशी माझी जीभ जड होत गेली.

त्यात खांदा धरला. बार्शीत चाळीस वर्षं मी मोटारी भरल्या. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळून आली की आतली जळकी तार उपसून काढायची आणि तांब्याच्या तारेची नवी वेटोळी घालायची, हा माझा धंदा. तार ओढून ओढून उजवा खांदा आधीच कामातून गेलेला, त्यात अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावाची थंडी. हात डोक्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं एक मशीन लावून बघितलं. आकार बंदुकीसारखा, तोंडाला रबरी गोळा, खटका दाबला की गोळा धडाधड ठोके देतो. त्याला मसाज गन म्हणतात. पाच मिनिटांत हात कानापर्यंत गेला. मुलगा म्हणाला, आपण घरी घेऊनच टाकू.

पण त्यात दोन जाती निघाल्या. एक वायरचं, भिंतीत पिन खुपसून चालणारं. दुसरं बिनवायरचं, बॅटरीवरचं. आठवडाभर जेवताना हाच विषय. सून नागपूरची, बोलायला फटकळ. ती बिनवायरच्या बाजूची.

"बाबा, वायर पायात आली ना, तर खांदा राहील बाजूला, कंबर मोडून बसाल."

"चाळीस वर्षं वायरीतच नांदलोय मी."

"तेव्हा तुम्ही सत्तरीचे नव्हते."

मी ऐकलं नाही. बॅटरी म्हणजे उसना जोर. ती मेली की मशीन मेलं, ते उघडून बघायचीही सोय नाही. वायरचं बिघडलं तर मी स्वतः भरीन. हे मी तीनदा तरी टेबलावर हात आपटून सांगितलं. शेवटी मुलगा म्हणाला, "दोन्ही मागवतो. वापरून बघा, नको ते रिटर्न करू."

"वापरलेलं परत? उष्टं कुणी परत करतं का?"

"इथे सगळे करतात, बाबा."

"सगळे करतात म्हणून मी करायचं?"

त्यानं मागवलीच. शनिवारी दुपारी दोन्ही मशिनं जेवणाच्या टेबलावर आली. बाहेर अंगणात गुडघाभर बर्फ. मी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. मोटार पारखायची माझी तीच रीत आहे. टोक मोटारीच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, म्हणजे आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते कळतं. बिनवायरच्याचा आवाज बारीक, चिडक्या माणसासारखा. वायरच्याचा भरदार आणि स्वच्छ. मला तेच आवडलं.

"मग हेच फायनल ना?" मुलानं विचारलं. तो खुशीत होता. बापाची निवड एकदाची झाली होती.

मी चष्मा लावून मशीन उलटं केलं. शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही, पण मोटारीच्या पट्टीवरचे आकडे मी जन्मभर वाचत आलोय. एकशे वीस व्होल्ट, सेकंदाला साठ सायकल. बस, एवढंच. आपल्याकडे दोनशे तीस. बार्शीत पिन लावली असती तर दोन ठोके पडायच्या आत धूर निघाला असता. आणि भरीन म्हणालो होतो खरं, पण अंगठ्याएवढ्या मोटारीत केसासारखी तार घालायला जे डोळे आणि जो खांदा लागतो, ते आता माझ्याकडे नाहीत. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

मी मशीन खाली ठेवलं आणि दुसऱ्याचा चार्जर उचलला. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. पन्नास आणि साठ, दोन्ही सायकल.

"हे ठेवू," मी म्हणालो.

सून चहा घेऊन आली होती, ती हसायलाच लागली. "अहो, आठवडाभर आमच्याशी भांडलात वायरवाल्यासाठी. आता काय झालं?"

"हे हलकं आहे."

"वजन दोन्हीचं सारखंच आहे, बाबा."

मुलगा हसला नाही. त्यानं माझ्या हातातला चार्जर घेतला, वाचला. मग वायरचं मशीन उलटं करून तेही वाचलं. शाळेत असताना माझ्या दुकानात बसून, आलेल्या मोटारींचे आकडे वहीत तोच उतरवून घ्यायचा. त्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

"दोनशे चाळीस इथे कशाला लागतं, बाबा?"

मी चहाचा कप पुढे ओढला.

"गुरुवारी अपॉइंटमेंट आहे."

"ठाऊक आहे."

"तुम्ही बघू म्हणाला होतात."

"बघितलं."

सून बशी खाली ठेवायची थांबली. मुलाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो संतापला की असाच बोलतो, हे त्यानं माझ्याकडून घेतलंय.

"दांडा बसवताना भिंत कोणी ठोकून बघितली? इथे आत लाकूड आहे, इथे भोक पाड, असं कोणी सांगितलं? तुम्ही. तेव्हा बोलायचं होतं."

"चुकलो."

हा शब्द मी त्याच्यापुढे यापूर्वी कधी उच्चारला असेल असं मला आठवत नाही. तोही जरा गडबडला. मग म्हणाला, "आई गेल्यावर तुम्हाला काय म्हणालो होतो मी? एकट्याला ठेवणार नाही. कोण आहे तिकडे तुमचं?"

"दुकान आहे."

"दुकान तर तुमचा कारागीर चालवतो."

"चालवतो. पण मोटार का जळली ते कळेना झालं की माझ्यापुढे आणून ठेवतो." मग मला राहवलं नाही. "तुझ्या गॅरेजच्या दाराची मोटार बंद पडली होती. नुसती गुणगुणत होती, दार हलत नव्हतं. मी म्हणालो, कपॅसिटर गेलाय. तू माणूस बोलावलास. त्यानं मला हातानं बाजूला सारलं. काय निघालं?"

"कपॅसिटर," सून म्हणाली.

मुलगा माझ्याकडे बघत होता. "तेवढ्यासाठी जाताय?"

"तेवढ्यासाठीच."

"आणि हे मशीन पाठीमागून लावून कोण देणार तुम्हाला तिथे?" सुनेनं विचारलं. तिच्या बोलण्यात आता थट्टा नव्हती. "तुमचा हात तिथे पोचत नाही."

"पोचेल तिथवर लावीन."

 

मुलगा उठला आणि गॅरेजमध्ये गेला. अंगात नुसता सदरा. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही, मोठं दार उघडल्याचाही नाही. सून दाराकडे गेली, परत आली, चहाचे कप उचलून तिनं सिंकमध्ये ठेवले. मी उठून त्याच्यामागे जावं असं मला वाटलं. पण गेलो असतो तर राहतो म्हणून बसलो असतो, म्हणून खुर्ची सोडली नाही. अर्धा तास गेला असेल.

तो आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्यानं वायरचं मशीन उचललं, वायर जशी आली होती तशी घडी करून खोक्यात घातली, वर चिकटपट्टी लावली. उष्टं परत करतोस का, असं विचारायची माझी टाप नव्हती.

"गुरुवारचं कॅन्सल करतो," तो खोक्याकडे बघत म्हणाला.

"बरं."

"आणि हे चेक-इनच्या बॅगेत टाकायचं नाही. आत लिथियमची बॅटरी आहे. हातातल्या बॅगेत ठेवा. विमानतळावर विचारलं तर काढून दाखवा, वाद घालू नका."

"नाही घालणार."

"घालाल," तो म्हणाला. "स्वेटर काढा. वळा तिकडे."

मी वळलो. त्यानं खटका दाबला आणि गोळा खांद्याच्या मागे टेकवला, जिथे माझा हात पोचत नाही बरोबर तिथे. जरा जास्तच जोरानं दाबत होता. मी बस म्हणालो नाही.