तिसगावची बाभूळ वाळताना

लाकडाच्या पुस्तकांत एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही. ओले लाकूड वाळायला महिने लागतात, तेवढे दिवस त्याच्याभोवती माणसे जमतात, आणि माणसे जमली की किस्से साचतात. तिसगावच्या वखारीत माझे असेच साचले.

वखार तात्यांची. त्यांची बाभूळ आजवर सरपण म्हणूनच खपली. लाकूड जड, चिवट. पण घाईने वाळवले की तडकते. सावेडीच्या एका शाळेने त्यांच्याकडे नमुन्याचा एक बाक मागितला होता. तो उन्हाळाभर टिकला, तर सगळ्या वर्गांचे काम मिळणार होते.

"आन् फुटला तर मॅडम, बाभूळ पुन्हा चुलीत, आन् तिच्यामागं मी!"

लाकूड वाळवणे माझ्याकडे, कारण माझा अभ्यास त्याचाच. बाक भागवत मिस्त्रींकडे.

पहिल्या दिवशी मी ओलावा मोजण्याचे यंत्र दाखवले. तात्यांनी त्याच्या दोन्ही सुया स्वतःच्याच तळहातावर टेकवल्या. आकडा सरसर चढला.

"हे काय म्हनतंय?"

"तुम्ही अजून ओले आहात!"

फळीची टोके आधी वाळतात, म्हणून तडे तिथूनच सुरू होतात. टोकांसाठी मी मेणाचा लेप नेला. मिस्त्रींनी निम्म्या फळ्यांना शेणमाती फासली. माझा विश्वास नव्हता. तुलनेला मात्र हरकत नव्हती. दोन महिन्यांनी मी वहीत प्रामाणिकपणे लिहिले : फरक आढळला नाही.

"फरक हाय की," मिस्त्री म्हणाले. "तुमचं इकत आनावं लागतं!"

एक फळी कायम काट्यावरच ठेवली होती. तात्यांनी रोज तिचे वजन लिहायचे. एका मंगळवारी वजन तीन किलोंनी वाढले! कोरड्या हवेत हे अशक्य.

"तात्या, पाऊस झाला होता?"

"न्हाई. मांजर बसलं हुतं."

"मग हाकललं का नाही?"

"तुमीच म्हनला, फळीला हात लावायचा न्हाई!"

एक फळी धनुष्यासारखी वाकली. मी ती बाद केली.

"पाठीला लावू की," मिस्त्रींनी वकिली केली. "पोरं तरी कुठं सरळ बसत्यात!"

ती बादच राहिली.

अखेर बाक तयार झाला आणि शाळेच्या व्हरांड्यात, दिवसभर ऊन येते त्या कडेला जाऊन बसला. जूनमध्ये मुख्याध्यापिकांचा फोन आला : "तडा गेलाय. येऊन पाहा."

आम्ही तिघे टेम्पोने निघालो. मी वाळवणीचा एकेक आठवडा मनात तपासत होते. तात्यांनी वाटेत चहासुद्धा नाकारला.

पोहोचताच मी गुडघे टेकून बसले. दोन्ही टोके, प्रत्येक सांधा भिंगाखाली पाहिला. केसाएवढीही फट नव्हती.

"तडा कुठे आहे?"

"जरा खाली बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "काल हलवताना बाक शिपायांच्या हातून सुटला. फरशी तडकली." मग तात्यांकडे वळून, "बाकीचे कधी देता?"

तात्या तिथेच बाकावर बसले. मिस्त्री मात्र वाकले, त्या फरशीवरून सावकाश बोट फिरवले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, ही वाळवताना घाई झालीया."